कट्ट्यावरून आईला उठवले

गेल्या रविवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेल्या माझ्या 74 वर्षांच्या आईला, ती कोणाच्या तरी व्हिडिओत मध्येच येते म्हणून, उठवण्यात आले आणि तेव्हापासून माझा संताप काही केल्या उतरत नाही.

आई गिरगावच्या चाळीत वाढली. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे असताना घरात भांडण झाले, परीक्षा संपली किंवा कोणी गेले, की सारे जण याच कट्ट्यावर येऊन समुद्राकडे तोंड करून बसत. आता आम्ही विरारला राहतो. दीड तास लोकलने येऊन, चर्चगेटला उतरून ती काठी टेकत इथवर चालत आली होती. कारण थंडीच्या दिवसांत या टोकावरून सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो, तर जूनमध्ये तो मलबार हिलकडे सरकतो, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. गुडघ्यांमुळे तिला बसायलाच पाच मिनिटे लागतात. आधी काठी माझ्या हातात द्यायची, मग दोन्ही तळहात कठड्यावर टेकवायचे, मग वळून हळूच अंग सोडायचे.

ती नीट बसून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी उघडते न उघडते, तोच कॅमेऱ्याचा स्टँड आणि पांढरा गोल पडदा घेऊन चौघे आले. सोबत जमिनीवर लोळणारा झगा घातलेली मुलगी होती. ‘आंटी, दो मिनट साइड में हो जाइए, फ्रेम में आ रहे हो,’ असे त्यांच्यातला एक जण तिच्याकडे न पाहताच म्हणाला. हा कट्टा साडेतीन किलोमीटरहून लांब आहे, असे मी म्हणालो, तर उजेड इथेच चांगला आहे, असे उत्तर मिळाले. आणि आमचे बोलणे संपण्याआधीच दुसऱ्याने आपली पिशवी तिच्या मांडीला खेटून ठेवली. ‘जाऊ दे रे, पोरांचे काम आहे,’ म्हणत आई उठली. उठताना पुडी सांडली आणि दाणे त्या झग्याखाली गेले. दोन मिनिटांची पंचवीस मिनिटे झाली. तिला दुसरीकडे बसवेपर्यंत सूर्य बुडालेला होता.

ती जागा कोणाच्या बापाची नव्हती, म्हणूनच ती आमची होती. मुंबईत पैसे न देता, काही विकत न घेता, तासभर गप्प बसता येईल अशा जागा उरल्या आहेत किती? तिथेही आता दर वीस पावलांवर कोणाचा तरी स्पीकर कोकलत असतो आणि वाढदिवसाचा केक तोंडाला फासून उरलेला कठड्याला पुसला जातो. लाटांचा जोर मोडावा म्हणून टाकलेल्या टेट्रापॉडच्या फटींत बाटल्या कोंबल्या जातात आणि पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला समुद्र तो सगळा कचरा रस्त्यावर परत आणून टाकतो, तरी कोणाला लाज वाटत नाही. 4 जुलै 2024 रोजी विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या मिरवणुकीनंतर याच रस्त्यावर चपलांचा खच पडला होता, तो मला अजून आठवतो. 2015 मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे बसवले, तेव्हा रात्री दिव्यांच्या ओळीने दिसणारा ‘राणीचा हार विझवला’ म्हणून आई हळहळली होती. समोरच्या आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पण त्यांच्यासमोर चालून थकलेल्या म्हातारीला स्वच्छतागृह हवे असेल, तर कुठवर चालावे लागते, ते मी तिच्याबरोबर चालून पाहिले आहे.

आई म्हणते, पुढच्या वेळी सकाळी लवकर जाऊ, तेव्हा गर्दी नसते. पण तिला पाहायचा आहे तो सूर्यास्त, आणि त्यासाठी तिने सकाळी का यावे? येत्या रविवारी मी तिला पाच वाजताच त्याच जागी नेऊन बसवणार आहे आणि कोणी पुन्हा ‘आंटी’ म्हणत आले, तर ती उठणार नाही. मी तिला उठू देणार नाही.