दोन पुढची अंगणं

ओहायोतल्या या छोट्या शहरात घर घेतलं तेव्हा आईनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कोपऱ्याचा प्लॉट आहे का रे?" होता. दोन बाजूंनी रस्ता. नाशकात अशा प्लॉटला भावही जास्त आणि मानही. आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली.

कोपऱ्याच्या प्लॉटचा खरा अर्थ मला तीन वर्षांनी सिटी हॉलच्या खिडकीवर कळला.

झालं असं, की परसात मेथी, भेंडी, टोमॅटो लावले होते. मेथी दोन बोटं वर आली की हरणं हजर. सात जण, ओळीनं, पंगतीला बसल्यासारखी. आग्रह करायला कोणी नसूनही पान स्वच्छ. म्हणून सहा फुटी कुंपण घालायचं ठरवलं आणि परमिट काढायला गेलो.

खिडकीतल्या बाईंनी नकाशा पाहिला आणि मायेनं म्हणाल्या, "पण हे मागचं अंगण नाहीये. पुढचं आहे."

"दार तर त्या रस्त्यावर आहे," मी म्हणालो.

"तेही पुढचंच."

रस्त्याला लागून ते पुढचं, असा इथला हिशोब. म्हणजे मला दोन पुढची अंगणं, आणि पुढच्या अंगणात कुंपण फार तर चार फूट. चार फूट म्हणजे हरणाला उंबरठा.

याचं मूळ आमच्याच राज्यात आहे. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावानं कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचे नियम केले, म्हणून एक जमीनवाली कंपनी कोर्टात गेली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९२६ साली गाव जिंकलं. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालात म्हटलं, की कधी कधी योग्य वस्तू चुकीच्या जागी असणं हाच उपद्रव. जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर. डुकराचा विचार शंभर वर्षांपूर्वीच झालाय. मेथीतल्या हरणाबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही.

सूट हवी तर बोर्डापुढे अर्ज. मोजणीचा नकाशा, फोटो, सात प्रती, १५० डॉलर. दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक शेजाऱ्याला टपालानं नोटीस गेली आणि आमच्या हिरवळीवर 'जाहीर सुनावणी' अशी पाटी रोवली गेली. ती पाहून एका मराठी मित्रानं हळूच फोन केला, "नोकरी आहे ना रे अजून?"

सुनावणी संध्याकाळी सात वाजता. बोर्डावर पाच जण, सगळे बिनपगारी. मधोमध माझे डेंटिस्ट. वसंतात त्यांनी माझं तोंड उघडं ठेवून खूप प्रश्न विचारले होते. आज निदान उत्तरं देता येणार होती. आधी झेंड्याकडे बघून प्रतिज्ञा. मग हजेरी. मग मागच्या सभेचं इतिवृत्त, ज्यात कोणाच्या तरी आडनावातला एक 'टी' गळला होता. त्या 'टी'ला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, त्याच्यावर मतदान झालं. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत एवढ्या वेळात दोन राजीनामे आणि एक हमरीतुमरी उरकली असती.

उजवा हात वर करून शपथ घेतली. "तुमची व्यावहारिक अडचण काय?"

"मेथी," मी म्हणालो. शपथेवर होतो.

मेथी म्हणजे काय, हे समजावण्यात बराच वेळ गेला. गवत का? नाही. औषध? थोडंसं. मग खातात कशाबरोबर? एका बाईंनी पराठ्याचं स्पेलिंग लिहून घेतलं. तेवढ्यात शेजारचे आजोबा उठले. तीस वर्षं रोज सकाळी कॉफी पिताना ते खिडकीतून हरणं बघतात, उंच कुंपणानं ती दिसणार नाहीत. मला गलबलून आलं. मीच जवळजवळ माझ्या विरोधात बोललो असतो.

डेंटिस्टनी तोड काढली. कुंपण सहा फुटी चालेल, पण रस्त्यावरून दिसू नये म्हणून बाहेरच्या बाजूनं सदाहरित झुडपं लावायची. चार विरुद्ध एक. आर्बरव्हायटीची चौदा रोपं आणली. कुंपणापेक्षा महाग पडली.

हरणांना आर्बरव्हायटी किती आवडते, हे बोर्डात कोणालाच ठाऊक नसावं. पहिला बर्फ पडला त्या सकाळी सातही जण आले, कुंपणाबाहेर ओळीनं बसले. म्हणजे उभे राहिले. आजोबांनी खिडकीतून मला कॉफीचा कप उंचावून दाखवला.

मार्चमध्ये सिटी हॉलचं पत्र आलं, फार सौजन्यानं लिहिलेलं: झुडपांची अट पूर्ण झालेली दिसत नाही, कृपया खिडकीवर येऊन भेटावे. आईला अजून सांगितलेलं नाही.