मुलाचं नाक चोंदलंय म्हणून लगेच दूध तोडू नका

आयांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुलाचं नाक महिनाभर चोंदलेलं असेल तर ती ॲलर्जीच. दूध-केळी बंद करा, रोज रात्री ॲलर्जीचं औषध द्या, नाकात थेंब घाला.’

‘ॲलर्जीच’ कशावरून? बालवाडीतल्या मुलाला वर्षात ६ ते ८ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. एकेक आठ-दहा दिवस चालते. पावसाळ्यात एक ओसरते न ओसरते तोच दुसरी, म्हणून महिनाभर एकच चाललीय असं वाटतं. ॲलर्जीत बहुधा शिंका येतात, नाक-डोळे खाजतात. तसं काहीच नसेल तर दुसरं कारण शोधा.

आमच्या घरी ते कारण उशिरा सापडलं. चार वर्षांचा मुलगा तोंड उघडं ठेवून झोपायचा, सकाळी उशीचा अभ्रा लाळेने ओला. घोरता घोरता मध्येच श्वास अडकायचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा म्हणून मी रागवायचे. त्याला ऐकूच कमी येत होतं. नाकामागचे ॲडिनॉइड (टॉन्सिलसारखे मांसल गोळे) वाढले होते, त्यामुळे कानाच्या पडद्याआड पाणी साचलं होतं. ॲडिनॉइड साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात सर्वात मोठे असतात, पुढे आपोआप आकसतात. पण झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची वाट बघायची नाही, कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवायचं. ॲलर्जीच्या नेहमीच्या, अँटिहिस्टामाइन प्रकारच्या औषधाने ॲडिनॉइड लहान होत नाहीत. आम्ही चार महिने तेच पाजत होतो.

दुधाने शेंबूड वाढत नाही. वाढत्या मुलाचं दूध उगाच तोडू नका.

औषधाचं म्हणाल तर, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टणावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. आणि नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवडाभराहून जास्त घातले तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब निराळे. ते तान्ह्यालाही चालतात. घरातला उदबत्तीचा, मच्छर कॉइलचा धूर मात्र आधी बंद करा. ॲलर्जी नसली तरी धुराने नाक सुजतं.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, चणा, स्पंज काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. आणि खेळण्यातला बटन सेल असल्याची नुसती शंका आली, तरी सकाळची वाट बघू नका. काही तासांत तो नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडू शकतो.