ऐप्टेशिया उपटून अन् मोरचूद टाकून जात नसतो राजेहो

सध्या एक फॉरवर्ड फिरून राहिला, "खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ऐप्टेशिया दिसला की चिमट्यानं उपटा, उरला तर थोडा मोरचूद टाका, नाहीतर पेपरमिंट श्रिंप (एक छोटा झिंगा) सोडा, आठ दिवसात टँक साफ." आपल्या इकडची पोरं हे खरं मानून कामाला लागली म्हणून लिहितो. ऐप्टेशिया म्हणजे दगडाले चिकटून टँकभर पसरणारा सी ॲनिमोन जातीचा उपद्रवी जीव.

उपटायचं म्हणता, पण धक्का लागला की तो दगडाच्या भोकात शिरते, तुम्ही ओढलं की वरचा भाग हाती येते अन् बुडाचे तुकडे आतच चिकटून राहतात, अन् त्या एवढ्याशा तुकड्यातून नवा जीव तयार होते. कुंद्याच्या तणावर रोटाव्हेटर फिरवल्यावर जे होते तेच इथं.

आता मोरचूद, हे वाचून तर जीव घाबरला माझा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याले बोर्डो मारायले घरोघरी असते म्हणून साधा वाटते, पण हिशोब करा नं भाऊ. मोरचुदात चौथाई तांबं, म्हणजे 200 लिटरच्या टँकमध्ये 1 ग्रॅम टाकला तर तांबं सव्वा पीपीएम (लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम) झालं. माशाच्या व्हाईट स्पॉट रोगावर वेगळ्या टँकमध्ये आयोनिक कॉपर (विरघळलेलं तांबं) देतात ते 0.2 पीपीएमच्या आसपास, अन् तेवढ्यातच झिंगे, गोगलगायी, कोरल सगळं मरते. वरून ते तांबं दगडात अन् वाळूत मुरते, मग हळूहळू सुटत राहते, एकदा पाणी बदललं की झालं असं नाही. कृपा करून टाकू नका.

पेपरमिंट श्रिंपचं अर्धं खरं आहे. लहान ऐप्टेशिया खाते, मोठ्याच्या वाटेले जात नाही, अन् तुम्ही रोज भरपूर खाद्य टाकत असाल तर लहानालेही विचारत नाही. घेताना नीट पाहा, कारण त्याच नावानं कॅमल श्रिंप गळ्यात मारतात, पाठीवर कुबड अन् अंगावर लाल-पांढरे पट्टे, तो उलट तुमच्या कोरलचे पॉलिप (कोरलचे बारके जिवंत तोंडं) कुरतडते.

मग करायचं काय? जागेवरच मारायचा, सगळाच्या सगळा. साफ कॅल्शियम हायड्रॉक्साईड (म्हणजे शुद्ध चुना) आरओच्या पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवा, पानठेल्यावरचा चुना नको, त्यात तंबाखूची बोटं बुडालेली असतात. पंप बंद करा, सिरिंज हळूच बाजूनं न्या, सावली पडू देऊ नका, तोंड उघडं असतानाच वरून झाकेल इतका लेप सोडा अन् अर्धा घंटा पाणी हलू देऊ नका. एका दिवशी चार-पाचच घ्या, त्या चुन्याचा पीएच 12 च्या वर असते, जास्त टाकला तर कोरलवर येते.

लयच पसरला असेल तर बर्घिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय, ती ऐप्टेशिया सोडून काहीच खात नाही. तो संपला की ती उपाशी मरते, म्हणून आधीच नागपूरकडचा दुसरा टँकवाला पाहून ठेवा अन् जिवंत आहे तोवर त्याले देऊन टाका.