शहाद्याचा पिंगळा आणि चिनी डायनासोर

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीनदा आला. ‘पक्षी डायनासोरपासून आले, ही शतकातली सगळ्यात मोठी थाप.’ खाली मुद्दे. १९९९ साली चिकटवलेला चिनी डायनासोर पकडला गेला, म्हणजे सगळेच खोटे. जर्मनीचा आर्किऑप्टेरिक्स, तो आद्य पक्षी म्हणून प्रसिद्ध असलेला जीवाश्म, तोही बनावट. पिसं म्हणतात ते कुजलेल्या कातडीचे धागे. नातू आजोबांच्या आधी जन्मलेला. सरड्याची कधी कोंबडी होते का? म्हणे सगळ्याच डायनासोरांना पिसं होती! आणि शेवटी यावलच्या नानांची भर : ‘आपल्या खान्देशात एक तरी पिसवाला दाखवा.’ नाना वडीलधारे आहेत, पण मी गप्प बसणार नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फिरतो. ‘आर्किओरॅप्टर’ नावाचा तो जीवाश्म नॅशनल जिऑग्राफिकने नोव्हेंबर १९९९ मध्ये डायनासोर आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून गाजवला आणि तो जोडकाम निघाला. पण पकडला कोणी? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नाही. टेक्सासमध्ये जीवाश्मतज्ज्ञ टिमोथी रो यांनी त्याचं सीटी स्कॅन करून तुकडे जोडलेले असल्याचं आधीच सांगितलं होतं, आणि ‘नेचर’ व ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी त्यावरचा लेख परत पाठवला होता. मग बीजिंगच्या शू शिंग यांना त्याच शेपटीची दुसरी फरशी सापडली. दगड फोडला की जीवाश्माचे दोन पृष्ठभाग निघतात, आरसा आणि प्रतिबिंब असावं तसे. या दुसऱ्या फरशीवर शेपटी होती, पण तिच्यापुढचं धड वेगळंच होतं. हे शू शिंग म्हणजे पिसवाल्या डायनासोरांना सगळ्यात जास्त नावं देणाऱ्यांपैकी एक. आपल्याच पक्षाचा खोटा साक्षीदार त्यांनी स्वतः उघडा पाडला. आणि गंमत पुढे आहे. शेपटी निघाली मायक्रोरॅप्टर या खऱ्या डायनासोरची आणि पुढचा भाग यानॉर्निस या खऱ्या पक्ष्याचा. तुकडे अस्सल, जोडणी नकली. शिवाय सायनोसॉरोप्टेरिक्स आणि कॉडिप्टेरिक्स हे चीनचे पिसवाले डायनासोर १९९६ आणि १९९८ साली जगापुढे आले होते, या भानगडीच्या आधी.

हे आम्हा खान्देशवाल्यांना तरी नवं वाटू नये. रानपिंगळा आठवा. हा पक्षी संपला असंच सगळे धरून चालले होते. शेवटची नोंद १९१४ ची, गुजरातेतली, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलची. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की साहेबांनी जुन्या संग्रहातला पक्षी चोरून त्याला आपल्या नावाची खोटी चिठ्ठी लावली होती. ती खोटी नोंद बाजूला काढून त्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. फॉरवर्डचं तर्कशास्त्र लावलं असतं तर ‘एक नमुना खोटा, म्हणजे रानपिंगळाच खोटा’ असं म्हणून सगळे घरी बसले असते.

आर्किऑप्टेरिक्स बनावट, हे फ्रेड हॉईल यांचं म्हणणं, १९८५ चं. जयंत नारळीकरांचे गुरू, खगोलशास्त्रात फार मोठा माणूस. पण हाडं हा त्यांचा प्रांत नव्हे. लंडनच्या संग्रहालयाने लगेच पुढच्या वर्षी दाखवलं की दोन्ही फरशांवरच्या केसाएवढ्या भेगा पिसांच्या ठशांतून आरपार जातात आणि एकमेकींशी तंतोतंत जुळतात. वरून गिलावा थापून पिसं उठवली असती तर हे जमलं नसतं.

कातडीचे धागे? काही अभ्यासकांनी खरोखर तसं मांडलं होतं, प्रश्न रास्त होता. २०१० साली सायनोसॉरोप्टेरिक्सच्या त्या ‘धाग्यांत’ पिसांत असतात तसेच रंगाचे सूक्ष्म कण सापडले. शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, इथवर कळलं. कॉडिप्टेरिक्सच्या पिसांना तर मधली दांडी आणि दोन्ही बाजूंचे पातळ पाते स्पष्ट दिसतात. कातडीत दांडी कुठून येणार? आणि सगळं चीनचंच कशाला? मंगोलियातल्या व्हेलॉसिरॅप्टर या डायनासोरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतायच्या गाठी आहेत (२००७). म्यानमारच्या बाजारातून आणलेल्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या चिकात, ९.९ कोटी वर्षांपूर्वीची डायनासोरची शेपटी पिसांसकट अडकलेली आहे (२०१६).

नातू आजोबांआधी? चीनच्या लिआओनिंग प्रांतातले बरेच पिसवाले डायनासोर साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वीचे आणि आर्किऑप्टेरिक्स १५ कोटींचा, हे खरं. पण ते आजोबा आहेत असं म्हणतंय कोण? चुलते आहेत. पुतण्यापेक्षा लहान काका आमच्या प्रत्येक वाड्यात सापडेल. तरी हट्टच असेल तर अँकिऑर्निस घ्या : पिसवाला डायनासोर आणि सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा.

सरड्याचं उत्तर एका ओळीत : डायनासोर सरडे नव्हते, आणि आज जिवंत असलेल्यांत पक्ष्यांची सगळ्यात जवळची भावकी मगरीची आहे. कोंबडीचं उत्तर मात्र ताटात आहे. रविवारी छातीच्या वरच्या टोकाचं बेचकीसारखं हाड बाजूला काढा. ते म्हणजे जुळलेले दोन कॉलरबोन. १९२६ साली डेन्मार्कचे अभ्यासक हाइलमान यांनी ‘डायनासोरांना कॉलरबोनच नसतात’ म्हणून पक्ष्यांशी त्यांचं नातं नाकारलं होतं. पुढे तीच बेचकी व्हेलॉसिरॅप्टरमध्ये सापडली, टी-रेक्समध्येही.

आता नाना. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्हा. पिसांचा ठसा उमटायला बारीक गाळ लागतो; लिआओनिंगला तळ्याच्या तळाचा गाळ आणि राख होती. लाव्ह्यात पीस शोधणं म्हणजे होळीच्या राखेत पतंग शोधणं. सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे गेलात तर धार जिल्ह्यात मात्र डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली आहेत. ती लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्यांची. पिसं सगळ्याच डायनासोरांना होती, असं कुणी म्हटलेलं नाही, नाना. ते वाक्य फॉरवर्डवाल्याने स्वतःच लिहिलं आणि स्वतःच खोडलं.