वाटणी रस्त्याची, कडा सायकलवाल्याची

सांगली-मिरज रस्त्यावर उद्या ‘मोटारी आणि सायकली, रस्ता वाटून घ्या’ असा फलक लागलाच, तर चारचाकीवाल्या सद्गृहस्थांनी मुळीच धास्ती घेऊ नये. कोणी किती घ्यायचे हे फलकावर नसते, आणि ज्या वाटणीपत्रात मोजमाप नाही, त्यात थोरल्याला विहीर आणि धाकट्याला बांध मिळतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. डांबर आपले, कडेची खडी सायकलवाल्याची.

हिशेब मात्र करू नये. प्रमाण मार्गिका साडेतीन मीटरची. सायकलचे हँडल साठ सेंटिमीटर, तिने कडेपासून अर्धा मीटर राखला, ओलांडताना आपण दीड मीटर अंतर सोडले आणि आपली गाडी पावणेदोन मीटरची धरली, तर बेरीज सव्वाचार मीटरच्या वर जाते. उरलेला रस्ता फलकाच्या सदिच्छेतून निघतो, असे समजावे. पलीकडची मार्गिका मोकळी होईपर्यंत सायकलीच्या मागे थांबणे हाही एक उपाय आहे म्हणा. पण मग हॉर्न कशासाठी बसवून घेतला?

थांबण्याची हौस गळीत हंगामात भागवावी. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि कर्कश गाणी. त्याच्यामागे आपण विश्रामबागपर्यंत निमूटपणे जातो आणि एखादे कांडे काचेवर पडले तरी शब्द काढत नाही. त्याच्यापुढे दप्तर कॅरिअरला अडकवलेली शाळकरी मुलगी दिसताच मात्र आपल्याला वाहतुकीचा खोळंबा आठवावा.

अमेरिकेतील डेलावेअर राज्याने असले फलक लावणे २०१३ मध्ये बंद केले, कारण सायकलवाल्याने बाजूला व्हावे असा अर्थ चालक काढत आणि चालकाने जपून जावे असा अर्थ सायकलवाले काढत. सायकलला पूर्ण मार्गिका वापरता येते, असे सरळ सांगणारा फलक तिथल्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत २००९ पासून आहे. इतके स्पष्ट लिहिणे आपल्याकडे उद्धटपणाचे ठरेल, तेव्हा तो मोह टाळावा.

खांबाची जागा तेवढी विचारपूर्वक निवडावी. तो कडेच्या खडीतच रोवावा. सायकलवाल्याला त्याला वळसा घालून डांबरावर यावे लागेल आणि फलकावर लिहिलेले आपण पाळतो की नाही, याची परीक्षा तिथल्या तिथे होईल.