सुईशिवाय सहा सिरिंज

"दहा एमएलच्या सहा सिरिंज द्या. सुया नकोत," मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला जमेल तितक्या सभ्य आवाजात म्हणालो. सिरिंज मागताना कुठल्याही सज्जन माणसाचा आवाज संशयास्पदच येतो. त्याने मान वर न करता विचारलं, "जेसीबी का लिफ्ट?"

"जेसीबी."

"म्हणजे सातवी. दहाच्या चारच उरल्यात, दोन पाचच्या घ्या. सलाईनची नळी किती कापू?"

लेकीच्या शाळेतून मंगळवारीच सूचना आली होती. मी ती वाचली शनिवारी. पाण्याच्या दाबावर हात हलवणारा जेसीबी करून सोमवारी आणायचा. "घरात मेकॅनिकल इंजिनिअर असताना कसली काळजी?" आई म्हणाली. इंजिनिअर मी आहेच, पण सतरा वर्षं हिंजवडीत एक्सेलचे रकाने भरतोय. पाना शेवटचा धरला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, तोही परीक्षक बघत होते म्हणून.

सनबोर्ड आणायला अप्पा बळवंत चौकात गेलो. 'दोनच मिनिटं' म्हणून गाडी नको तिथे लावली. बाहेर येतो तर ती टोइंगच्या टेम्पोवर चढत होती. निदान हायड्रॉलिक्सचं प्रात्यक्षिक तरी बघायला मिळेल म्हटलं, पण तेही नाही. पोरांनी ती हातांनीच उचलली, गादी उचलावी तशी. ज्या पुण्यात अरविंद गुप्तांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंमधून खेळणी करून दाखवली, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती उभी केली, त्याच पुण्यात माझा पुठ्ठ्याचा जेसीबी दंडाच्या पावतीसकट दीड हजारांवर गेला. बायकोला मी आठशे सांगितले.

रविवारी सकाळी मी लेकीला समोर बसवून पास्कलचा नियम समजावला. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे छोट्या दट्ट्यावर थोडा जोर लावला की मोठ्या दट्ट्यावर जास्त जोर मिळतो. म्हणून हातात पाचची सिरिंज, जेसीबीच्या दंडाला दहाची. दोन्ही दंडांना तसंच केलं आणि उरलेल्या दहाच्या दोन बकेटला लावल्या. हा निर्णय मी इतक्या रुबाबात घेतला की आईसुद्धा भजनाचा आवाज कमी करून बघायला आली.

दट्ट्या दाबला. दंड निम्मा वर आला आणि तिथेच थांबला.

"बाबा, पाचमधून दहा कुठून येणार?" लेक म्हणाली.

"जोर बघ ना किती आहे!"

"पण जातोय कुठे?"

मग बकेट. तिथे दट्ट्या दाबला की आधी नुसतंच मऊ मऊ लागायचं आणि बकेट सावकाश, सरकारी कामासारखी हलायची. नळीत बुडबुडा राहिला होता. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, हे मला ठाऊक आहे; परीक्षेत त्यावर मार्कही मिळालेत. बुडबुड्याला ते ठाऊक नसावं. नळी उलटी धरली, झटकली, फुंकली. शेवटी ती सटकली आणि पाणी दिसावं म्हणून त्यात घातलेला जिलबीचा रंग हॉलच्या भिंतीवर गेला. गडबडीत ग्लू गन उलटी धरली आणि अंगठा भाजला.

रात्री साडेनऊला पुन्हा मेडिकल. मी तोंड उघडायच्या आत मेडिकलवाल्याने भाजल्यावरचं मलम काउंटरवर ठेवलं. "ग्लू गनवाले याच वेळेला येतात," तो म्हणाला. "आज तुम्ही तिसरे."

घरी आलो तर लेक बाथरूममध्ये बादलीसमोर बसलेली. सगळं सोडून तिने सिरिंज आणि नळ्या पाण्यात बुडवल्या होत्या आणि जोडणीही पाण्याखालीच चालू होती. हवा शिरायला जागाच नाही. पाचला पाच, दहाला दहा अशा जोड्या लावलेल्या. पंधरा मिनिटांत जेसीबीने जमिनीवरचं खोडरबर उचललं, गर्रकन वर नेलं आणि आजीच्या मांडीवर टाकलं. आजीने टाळ्या वाजवल्या.

"थांब, हा सांधा जरा..." म्हणत मी मलम लावलेला अंगठा पुढे केला.

"बाबा, तू हात लावू नकोस."

बायकोने मोबाईल काढून मंगळवारची सूचना मोठ्याने वाचली. शेवटची ओळ शब्दशः तीच होती, फक्त 'पालकांनी' आणि 'नये' लावून.