दहा मिनिटांचे घड्याळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिचा रोखही स्पष्ट आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबवतो. दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या अ‍ॅपवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मुंबई पूर्वीपासून घड्याळावरच धावत आली आहे, तेव्हा डबेवाल्यांचे कौतुक करायचे आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी हळहळायचे हा दुटप्पीपणा आहे. कंपन्या कोणावर सक्ती करत नाहीत, ज्याला परवडत नाही त्याने लॉग-आउट करावे. आणि १९०३ साली महानगरांवर लिहिणाऱ्या गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताचे अंधेरीत काही काम नाही.

डबेवाल्यांपासून सुरुवात करतो, कारण आपला सर्वांत सकस मुद्दा तोच आहे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी १८९० पासून उभे केलेले हे काम लोकलच्या वेळापत्रकाला जखडलेले आहे आणि त्यात घाई आहे, हे कोण नाकारील? परंतु ही घाई कोणाकोणाच्या वाट्याला येते ते पाहिले पाहिजे. ठरलेल्या वेळी डबा भरून तयार नसेल तर डबेवाला दारात ताटकळत उभा राहत नाही, आणि एखादे घर वरचेवर उशीर करू लागले तर ते घर सोडूनही दिले जाते. म्हणजे घड्याळ गिऱ्हाइकालाही बांधते. घरच्या स्वयंपाकाची वेळ त्याच्याप्रमाणे लावून घ्यावी लागते. शिवाय ते वेळापत्रक सर्वांना सारखेच वाचता येते, आणि गाडी रखडली की ती डबेवाल्यामुळे रखडली असे कोणी म्हणत नाही. दहा मिनिटांच्या घड्याळात गिऱ्हाइकावर बंधन असे काहीच नाही. रात्री साडेदहाला कोथिंबीर आठवली तरी त्या विसराळूपणाची किंमत गोदामात पिशवी भरणारा आणि दुचाकीवरून ती आणणारा, असे दोघे मिळून धावून चुकवतात. डबेवाल्यांची मिळकत बेताचीच असते आणि २०२० मध्ये लोकल बंद झाल्यावर त्यांचे काय हाल झाले हे मुंबईकराला सांगायला नको, तेव्हा त्यांची व्यवस्था आदर्श आहे असा माझा दावा नाही. घाईची वाटणी दोन्हीकडे सारखी नाही, एवढाच आहे.

मुंबई घड्याळावर धावत आली हे आपले विधान खरे आहे, पण ती घड्याळाशी भांडतही आली आहे, हे त्यात सुटते. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने नवी प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध आवाज उठवला, आणि महापालिकेने तर आपली जुनी ‘मुंबई वेळ’ पुढची अनेक दशके सोडली नाही. (जवळजवळ अर्धे शतक एका शहरात दोन वेळा नांदत असताना लोक एकमेकांना भेटीची वेळ कशी देत असतील, याचे मला फार कुतूहल आहे.) हा निव्वळ हट्ट होता असे कोणी म्हणेल, पण तो करता आला याचे कारण असे की वेळ घड्याळाच्या मनोऱ्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. गिरणीचा भोंगाही साऱ्या गिरणगावाला एकदमच ऐकू येई. १९२८ च्या संपाच्या मुळाशी एकेका कामगारावर जास्त यंत्रे सोपवण्याची मालकांची योजना होती, आणि आपल्यावर किती माग आले हे कामगाराला स्वतः मोजता येत होते.

आता सक्तीचा मुद्दा. उशीर झाल्यास दंड नाही आणि दहा मिनिटांचे वचन डिलिव्हरी करणाऱ्याला दाखवले जात नाही, असे या व्यवसायातल्या कंपन्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ते शब्दशः खरे मानू. तरी जिथे मजुरी नगावर मिळते तिथे दंडाची गरजच उरत नाही, कारण घाई दरातच मुरलेली असते. गोदामाबाहेर थांबलेली मिनिटे नगाच्या हिशेबात येत नाहीत आणि ती भरून काढायला रस्ताच उरतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली परिसरात ब्लिंकिटने प्रत्येक फेरीमागचा मूळ दर २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणला, तेव्हा तिथल्या मुलांनी काम थांबवले. आपण म्हणाल, भांडता येते ते असे. येते, पण तो दर आकड्यात दिसत होता म्हणून. पुढची ऑर्डर शेजारच्याला का गेली, प्रोत्साहनाची रक्कम एका ऑर्डरने का हुकली, खाते अचानक का बंद झाले, यांची उत्तरे ज्या गणितात आहेत ते त्याला कुठेच वाचता येत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात डिलिव्हरीसह सर्व प्रकारच्या ‘गिग’ म्हणजे सुट्या कामांवरच्या कामगारांची संख्या ७७ लाख धरलेली आहे. तिथे एकाच्या लॉग-आउट करण्याने कंपनीला कोणती अडचण येणार?

झिमेलविषयी थोडक्यात. बर्लिनमधली सगळी घड्याळे अचानक वेगवेगळ्या रीतीने, अगदी तासाभरानेही, चुकू लागली तर शहराचा व्यवहार दीर्घकाळ विस्कटेल, असे त्याचे निरीक्षण होते. अंधेरीत त्याची आठवण झाली ती विरोधाने. आज प्रत्येक फोनमधले घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर असते, तरी ‘सात मिनिटांत पोहोचेल’ हे वाचणारा आणि सिग्नलला उभा असलेला, या दोघांपुढे एकच वेळ नसते.

कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात स्वयंचलित देखरेख आणि निर्णय यांच्या पद्धतीची माहिती कामगाराला देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. त्याचा अंमल नीट झाला, तर दर कसा ठरतो आणि काम कोणाला का मिळते हे तपासता येईल, आणि सक्ती आहे की नाही यावर आपल्याला पुराव्यानिशी वाद घालता येईल. तोवर ‘सक्ती नाही’ हे आपले वाक्य तपासून पाहण्याचे साधन माझ्याकडे नाही, तसे ते आपल्याकडेही नाही.